एका इंजिनाची जकात

दिवाळींत मुलें अंगणांत रिकामी बाटली उभी करून तींतून जो सोडतात तो बाण. जुन्या बखरींतून तोफा आणि जेजाला यांच्या जोडीनें ज्यांचा उल्लेख येतो तेही बाण. आणि श्रीहरिकोट्याहून उपग्रह घेऊन जो आकाशांत चढतो त्यालाही आम्ही मराठी माणसें अग्निबाणच म्हणतों. भाषेला या तिघांत भेद करण्याचें अगत्य वाटलें नाहीं. मागें आग आणि पुढें गति एवढें दिसलें कीं तिचें समाधान होतें. परंतु ज्या एका पुस्तकावर आमच्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें गेलीं, त्या जकातीच्या पुस्तकाचें समाधान इतक्यानें होत नाहीं. त्यांत मुलांचा बाण छत्तिसाव्या प्रकरणांत ३६०४ या शीर्षकाखालीं शोभेच्या दारूबरोबर बसतो, आणि पाऊस पाडण्यासाठीं सोडावयाचे बाणही त्याच्याच शेजारीं. लढाईंतला बाण ९३०६ मध्यें, बाँब, सुरुंग आणि पाणसुरुंग यांच्या संगतींत. उपग्रह वाहून नेणारें यान ८८०२ मध्यें, विमानांच्या पंक्तीस. आणि या सर्वांना पुढें ढकलणारें जें इंजिन, तें एकटें सुटें पेटींतून आलें तर त्याची जागा चौऱ्यायशीव्या प्रकरणांत, जेथें पाण्याचे पंप, शिवणयंत्रें आणि पिठाच्या गिरण्या नांदतात!

आम्ही जकातखात्यांतले अधिकारी कधींच नव्हतों. पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदरांत माल सोडविणाऱ्या एका पेढीवर आम्ही कारकून होतों. व्यापाऱ्याचा माल गोदींत उतरला कीं त्याचें बिल ऑफ एंट्री लिहावयाचें, त्यावर मालाचें नांव व आंकडा घालावयाचा, तें घेऊन कस्टम हौसांतील मेजामेजांवरून फिरावयाचें, आणि माल फाटकाबाहेर निघाला कीं दुसऱ्या मालाकडे वळावयाचें, हा आमचा उद्योग. नांव घालण्याचें हें काम ज्यानें केलें नाहीं त्याला तें क्षुद्र वाटेल. पण बारशाला आत्याबाई जें नांव ठेवते त्यानें मुलाच्या नशिबांत फारसा फरक पडत नाहीं. आम्ही जें नांव ठेवीत असूं त्यावर त्या वस्तूची जकात, तिचा परवाना, आणि क्वचित् तिचें जगणें वा मरणें अवलंबून असे. अशा एका नांवाची हकीकत सांगण्यासाठीं हें लिहावयास बसलों आहों.

प्रथम त्या पुस्तकाविषयीं थोडेसें सांगितलें पाहिजे. १४ जून १९८३ रोजीं ब्रुसेल्स येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलांत आला. व्यवहारांत त्याला ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ म्हणतात. जिवंत घोड्यापासून आरंभ करून शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंपर्यंत, जगाच्या बाजारांत जें जें म्हणून हलतें त्या सर्वांस २१ भाग आणि ९७ प्रकरणें यांत जागा नेमून दिलेली आहे. त्यांपैकीं ७७ वें प्रकरण, पुढेंमागें लागेल म्हणून, कोरें ठेविलेलें आहे. (हें कोरें प्रकरण आम्हांस नेहमीं फार आवडत आलें आहे.) पहिले दोन आंकडे प्रकरणाचे, पुढचे दोन शीर्षकाचे, त्यापुढचे दोन उपशीर्षकाचे, येथवर सारें जग एक. त्यापुढचे आंकडे ज्या त्या देशानें आपले घालावे. हिंदुस्थानांत आज एकंदर आठ आंकडे लिहावे लागतात.

या पुस्तकाला सहा साधारण नियम जोडलेले आहेत, आणि एखाद्या स्मृतिग्रंथासारखे ते मोजक्या शब्दांत बांधलेले आहेत. अपुरी वस्तु जर पुऱ्या वस्तूचें मूळ स्वरूप धारण करीत असेल, तर ती पुरीच समजावी. सुटी करून पेट्यांत भरलेली वस्तु जोडलेलीच समजावी. दोन शीर्षकें लागूं पडत असतील तर जें अधिक नेमकें तें घ्यावें. तसेंही ठरत नसेल तर ज्या घटकानें वस्तूला तिचें स्वरूप दिलें तो पाहावा. आणि एवढ्यानेंही वाद मिटत नसेल तर आंकड्याच्या क्रमानें जें शेवटीं येतें तें घेऊन मोकळें व्हावें. या शेवटच्या नियमाचें आम्हांस फार कौतुक वाटे. आमच्या साहित्यसंमेलनांनीं तो स्वीकारला असता तर कितीतरी रात्री वांचल्या असत्या!

आतां जेट आणि रॉकेट यांच्याकडे वळूं. दोन्ही यंत्रें मागें झोत सोडून पुढें जातात, म्हणून सामान्य माणूस तीं एका कुळांतलीं समजतो. पुस्तक त्यांना दोन घरांत ठेवतें. ८४११ हें घर टर्बोजेट, टर्बोप्रॉप व इतर वायुटर्बाइनें यांचें. टर्बोजेट पुढच्या तोंडानें बाहेरची हवा ओढून घेतो, ती दाबतो, तींत तेल जाळतो, आणि त्या तापलेल्या वायूच्या जोरावर एक पात्यांचें चाक फिरवून पुन्हां हवा दाबण्याचें काम त्याच्याकडून करून घेतो. उरलेला जोर मागें जातो. रॉकेटला बाहेरच्या हवेची गरज नाहीं. इंधनाबरोबर तें जाळण्यास लागणारें द्रव्यही तें आपल्या पोटांत घेऊन निघतें. एक वाटसरू गांवोगांवच्या अन्नछत्रावर भरंवसा ठेवून निघालेला, तर दुसरा शिदोरी बांधून निघालेला. जेथें अन्नछत्र नाहीं, म्हणजे हवा नाहीं, तेथें दुसऱ्यासच जातां येईल हें उघड आहे. या शिदोरीवाल्याचें घर ८४१२.१०, म्हणजे ‘टर्बोजेटखेरीज इतर प्रतिक्रिया-इंजिनें’.

परंतु पुस्तकाची नजर श्वासावर नाहीं हें येथेंच ध्यानांत येतें. रॅमजेट नांवाचें एक इंजिन आहे. तें हवा बाहेरचीच घेतें, पण त्याला फिरतें चाक नाहीं. वेगानें आंत घुसणारी हवा स्वतःच दाबली जाते. १९४४ सालीं लंडनवर जे उडते बाँब पडले त्यांतील पहिल्या जातीचें इंजिन असेंच बाहेरच्या हवेवर धडधडत चाले, आणि दुसऱ्या जातीचें मद्यार्क व द्रवरूप प्राणवायु बरोबर घेऊन जाई. श्वासाच्या दृष्टीनें पाहिलें तर रॅमजेट व तो पहिला उडता बाँब हे टर्बोजेटचे सोयरे. पण टर्बाइनाचें चाक नाहीं म्हणून पुस्तकानें त्यांच्या इंजिनांना रॉकेटच्या घरीं नेऊन बसविलें आहे. टर्बोजेटच्या घरांतही वाटण्या आहेत. २५ किलोन्यूटनपर्यंतचा रेटा असेल तर ८४११.११, त्यापुढें ८४११.१२. पंचवीस किलोन्यूटन म्हणजे सुमारें अडीच टनांचें ओझें उचलून धरील इतका जोर. टर्बोप्रॉपची रेघ ११०० किलोवॉटवर आंखली आहे. आणि सर्वांत गमतीची गोष्ट ही कीं, विमानाचें इंजिन हा विमानाचा भाग नव्हे! वाहनांच्या भागाला जोडलेल्या टीपेंतच सांगून ठेविलें आहे कीं चौऱ्यायशीव्या प्रकरणांतलीं यंत्रें, तीं विमानांत बसवावयाचीं असलीं तरी, विमानाचे सुटे भाग म्हणून धरूं नयेत. लेक सासरीं गेली तरी तिचें नांव माहेरच्या वहींतून जात नाहीं, त्यांतला हा प्रकार.

ही सर्व विद्या आम्हांस तरुणपणीं तोंडपाठ होती, आणि तिचा आम्हांस गर्व होता. पुढें जें घडलें त्याचें मूळ त्या गर्वांत आहे.

१९९३ सालच्या पावसाळ्याच्या शेवटीं घाटावरच्या एका जिल्ह्याच्या गांवाहून एक प्राध्यापक आमच्या पेढीवर आले. पायजमा, नेहरूशर्ट, खांद्याला शबनम, आणि हातांत विलायतेच्या एका विद्यालयाचें पत्र. त्या विद्यालयानें आपल्या प्रयोगशाळेंतून काढून टाकलेलें एक लहान टर्बोजेट इंजिन यांच्या कॉलेजला भेट दिलें होतें. पेटीचें भाडें प्राध्यापकांनीं व त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं वर्गणी करून भरलें होतें. इंजिन कधीं काळीं शिकाऊ वैमानिकांच्या लष्करी विमानांत होतें. आतां तें उडण्याच्या कामाचें राहिलें नव्हतें. “आमच्या कर्मशाळेंत पाया घालून ठेवला आहे,” ते म्हणाले, “सिमेंटांत चार बोल्ट बसविले आहेत. पत्रांतल्या मापानें. फक्त आणून ठेवावयाचें.” मुलें फळ्यावरचें चित्र पाहून परीक्षा देतात आणि पुढें नोकरीला लागेपर्यंत जेट इंजिन डोळ्यांनीं पाहत नाहींत, याचें त्यांना मनापासून वाईट वाटे.

आम्हीं कागद पाहिले, रेट्याचा आंकडा पाहिला आणि बिलावर ठळक अक्षरांत लिहिलें: टर्बोजेट इंजिन, जुनें, रेटा २५ किलोन्यूटनच्या आंत, शीर्षक ८४११.११. अक्षर न् अक्षर खरें होतें. आमच्या कचेरींत एक वृद्ध कारकून होते. त्यांना सारी गोदी अण्णा म्हणे. त्यांनीं बिल हातांत घेऊन चष्मा वर केला आणि म्हणाले, “अरे, पेटींत काय आहे तें लिहिलेंस, तें ठीक. पण कशाकरितां आलें आहे तें कोठें लिहिलेंस? त्या मास्तरांचें पत्र वर लाव. साहेबाला भिती वाटेल असा कागद एकटा पाठवूं नये.” आम्ही हंसलों. वस्तूचें वर्गीकरण तिच्या स्वरूपावरून होतें, हेतूवरून नव्हे, हें आम्हीं अण्णांना ऐकविलें. पुस्तकाच्या दृष्टीनें आमचें म्हणणें बरोबरच होतें. पत्र आम्हीं गठ्ठ्याच्या तळाशीं ठेविलें.

ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर तो गठ्ठा गेला तो दुष्ट नव्हता हें प्रथमच सांगतों. त्याच्या जागीं आम्ही असतों तर कदाचित् आम्हीही तेंच केलें असतें. त्यानें ‘जेट’ हा शब्द वाचला, कागदांत लष्करी विमानाचा उल्लेख वाचला, आणि बिल बाजूला ठेविलें. हें शस्त्राचा भाग तर नव्हे? जुनें यंत्र म्हणून परवाना लागतो काय? फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणती धरावी? भेट म्हणून शून्य किंमत जकातखातें मानीत नाहीं. कोणी तज्ज्ञ इंजिनिअरानें पाहून ती ठरवावी लागते. जुन्या यंत्रांविषयींचे नियम त्या काळीं आजच्याहून पुष्कळ कडक होते. प्रत्येक प्रश्नाला एक पत्र आणि प्रत्येक पत्राला एक वरिष्ठ कचेरी.

शिवाय त्या वर्षाची हवाच तशी होती. १९९१ च्या जानेवारींत आपल्या अवकाश संशोधन संस्थेनें रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशीं अतिशीत इंधनावर चालणारीं रॉकेट-इंजिनें आणि तीं करण्याची विद्या घेण्याचा करार केला होता. द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायु यांवर चालणारें तें इंजिन. अमेरिकेनें म्हटलें कीं ही क्षेपणास्त्राची विद्या आहे, आणि १९९२ च्या मे महिन्यांत दोन्ही संस्थांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. हिंदुस्थानचें म्हणणें, हें उपग्रहासाठीं आहे. वास्तविक ज्या इंजिनाचीं इंधनें प्रचंड थंडींत सांभाळून उडण्याच्या सुमारास भरावीं लागतात, तें इंजिन लढाईसाठीं भरून ठेवावयाच्या बाणाला मोठेंसें सोयीचें नाहीं, हें जाणत्यांना कळत होतें. पण नांव एकदां चिकटलें. १९९३ मध्यें रशियानें विद्या देण्याचें सोडून दिलें आणि केवळ तयार इंजिनें देण्याचें कबूल केलें. एकंदर सात आलीं. त्यांतील पहिलें १८ एप्रिल २००१ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडालें. आपलें स्वतःचें इंजिन २०१० मधील पहिल्या खेपेस फसलें आणि ५ जानेवारी २०१४ रोजीं यशस्वी झालें. उपग्रहाचें कीं शस्त्राचें, या एका प्रश्नापायीं किती वर्षें गेलीं तें वाचकांनींच मोजावें. आमच्या गोदींतल्या त्या अधिकाऱ्यानें वर्तमानपत्रांत रोज हेंच वाचलें होतें. त्याच्या मेजावर ‘जेट’ शब्द येऊन पडला आणि त्यानें हात मागें घेतला, यांत नवल कसलें?

इंजिन विकणाऱ्यास व घेणाऱ्यास भ्यावें असा इतिहासही आहे. १९४६ सालीं ब्रिटिश सरकारनें रोल्स-रॉइसचीं नीन आणि डरवेंट हीं इंजिनें सोव्हिएट रशियास विकूं दिलीं. रशियन कारखान्यांनीं नीनची नक्कल केली, ती मिग-१५ या विमानांत बसली, आणि १९५० सालीं कोरियाच्या आकाशांत तींच विमानें इंग्लंडच्या दोस्तांसमोर उभीं राहिलीं. त्याहून जुनें उदाहरण आमच्याच भूमींतलें आहे. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांनीं विलायतेस नेले. वुलिच येथें त्यांचा अभ्यास झाला आणि काँग्रीव्हचे बाण त्यांतून निघाले. तेव्हां जकात कोणी मागितली नाहीं हें उघडच आहे. लुटीच्या मालाला बिल ऑफ एंट्री नसतें.

असो. प्राध्यापक दर आठवड्याला रात्रीच्या एस. टी. नें येत, सकाळीं आमच्या पेढीवर तोंड धुवून आमच्याबरोबर कस्टम हौसांत चढत, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जात. एकदां त्या अधिकाऱ्यानें त्यांना बसावयास खुर्ची देऊन आपुलकीनें सांगितलें, “सर, हें इंजिन तुम्ही तिकडेच उभें चिरून आणलें असतें ना, आंतलें दिसेल असें, तर ९०२३ मध्यें गेलें असतें. शिकविण्याचें साहित्य. मग आम्हांला कसली शंका राहती?” त्याचें म्हणणें खरें होतें. शिक्षणासाठीं किंवा प्रदर्शनासाठीं केलेलीं, दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचीं न राहिलेलीं उपकरणें त्या शीर्षकांत बसतात, आणि आंतली रचना दिसावी म्हणून कापलेलीं इंजिनेंही त्यांतच. प्राध्यापक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, चिरलेलें इंजिन पाहतां येतें, उघडतां येत नाहीं. माझ्या पोरांना त्याचे नट सैल करून तें उघडावयाचें आहे, आणि पुन्हां बसवावयाचें आहे.” अधिकाऱ्यानें मान हालविली, आणि आणखी एक पत्र वर पाठविलें.

इकडे गोदीचें भाडें वाढत होतें. जहाजावरून उतरलेल्या मालाला कांहीं दिवस फुकट जागा मिळते. पुढें डेमरेज सुरू होतें, आणि जसजसे आठवडे लोटतात तसतसा त्याचा दर चढत जातो. जकात कितीही जड असली तरी ती एकदांच द्यावयाची असते. डेमरेज झोपेंतही चालतें. तिसऱ्या महिन्यांत शस्त्राची शंका फिटल्याचें उत्तर आलें. त्यानंतर किंमत ठरली, जकात ठरली, आणि ती अवाच्या सवा नव्हती. कॉलेजला ती भरतां आली असती. पण तोंवर डेमरेज जकातीच्या कितीतरी पुढें गेलें होतें. वर्गणी पुन्हां एकदां काढून झाली. सूट मिळावी म्हणून अर्ज झाला, त्याचें उत्तर वेळेवर आलें नाहीं. ठराविक दिवसांत न सोडविलेला माल नोटीस देऊन विकण्याचा अधिकार १९६२ च्या जकात कायद्याच्या ४८ व्या कलमानें गोदीला दिलेला आहे. त्या कलमाप्रमाणें ती पेटी लिलांवांत गेली.

जेट इंजिनाच्या नशिबीं क्षुल्लक रकमेसाठीं अडणें हें आरंभापासूनच असावें. फ्रँक व्हिटल या तरुण इंग्रज वैमानिकानें १९३० च्या जानेवारींत आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला होता. १९३५ सालीं तें चालू ठेवण्यासाठीं पांच पौंड भरावयाचे होते. हवाई खात्यानें ते भरले नाहींत, व्हिटलजवळ चैनीला पैसे नव्हते, आणि पेटंट गळून गेलें. पण त्याच्या इंजिनाला पुढें माणसें भेटलीं.

लिलांवानंतर एके दिवशीं दुपारीं डबा खातां खातां अण्णांनीं सहज विचारलें, “मास्तरांच्या पेटीसाठीं ४९ चा अर्ज तूं कधीं केला होतास रे?” आमचा घांस हातांत राहिला. ४९ वें कलम ४८ च्या अगदीं खालीं आहे. माल लवकर सुटण्याजोगा नसेल तर आयात करणाऱ्यानें अर्ज करावा, आणि निकाल लागेपर्यंत माल गोदींतून काढून सार्वजनिक वखारींत ठेवण्याची परवानगी मागावी, असें तें कलम सांगतें. वखारीचें भाडें असतें, पण तें गोदीच्या डेमरेजसारखें चढत नाहीं. पहिल्या पंधरवड्यांत असा एक कागद आम्हीं दिला असता तर ती पेटी तीन महिने स्वस्तांत पडून राहिली असती. तें कलम आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. विचारलें असतें तर आकड्यासह म्हणून दाखविलें असतें. पण आमचें वर्गीकरण निर्दोष होतें, म्हणून उद्यां परवां शिक्का पडणारच, अशा समजुतींत आम्ही दर आठवड्याला प्राध्यापकांना धीर देत होतों, आणि धीर देण्याच्या भरांत जो कागद द्यावयाचा तो राहिला. प्राध्यापकांना ४८ आणि ४९ यांतला फरक कोठून कळणार? तें कळावें म्हणूनच त्यांनीं आम्हांस पैसे दिले होते.

हें आम्हीं प्राध्यापकांना त्या वेळीं सांगितलें नाहीं. पेढीच्या मालकांनाही सांगितलें नाहीं. अण्णांनीं पुन्हां विषय काढला नाहीं. दोष कस्टम हौसावर ढकलणें फार सोपें होतें. तेथें सगळेच ढकलीत.

आज हें लिहितांना आठवतें तें एवढ्यासाठीं कीं, ज्या पुस्तकाच्या नेमकेपणाचा आम्हांस अभिमान होता त्याची पकड आतां कांहीं ठिकाणीं सैल होऊं लागली आहे. १९७९ सालीं कांहीं राष्ट्रांनीं नागरी विमानें, त्यांचीं इंजिनें व सुटे भाग यांवर जकातच घेऊं नये असा करार केला आणि तो १९८० च्या आरंभापासून लागूं झाला. हिंदुस्थान त्यांत सही करणाऱ्यांत नाहीं. आपल्याकडे विमानाच्या सुट्या भागांवरचा एकात्मिक कर त्यांच्या आंकड्याप्रमाणें कोठें ५, कोठें १२, कोठें १८, तर कोठें २८ टक्के होता. एकाच इंजिनांतला नट एका दरानें आणि नळी दुसऱ्या दरानें! १५ जुलै २०२४ पासून या भागांवर, त्यांचें वर्गीकरण कोणतेंही असो, सरसकट ५ टक्के कर ठेवण्यांत आला. ‘वर्गीकरण कोणतेंही असो’ हे शब्द वाचून आम्हांस हंसूं आलें आणि थोडें चुकल्यासारखेंही झालें. त्याच सुमारास दुसराही एक वाद कोर्टांत चालला होता. आपल्याच विमानाचें इंजिन दुरुस्तीसाठीं परदेशीं धाडलें आणि तें परत आलें, तर दुरुस्तीच्या सेवेवर कर दिल्यावर तें नवी आयात म्हणून त्याच्यावर पुन्हां तोच कर घ्यावा काय? २०२५ च्या मार्चमध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें असें घेणें घटनेस धरून नाहीं असा निकाल दिला. माहेरीं जाऊन आलेल्या सुनेला उंबऱ्यावर पुन्हां हुंडा मागणें शोभत नाहीं, इतकी साधी गोष्ट. पण ती ठरावयास वर्षें लागलीं.

तें इंजिन एका भंगारवाल्यानें घेतलें. आम्ही पत्ता काढून त्याच्या वखारींत गेलों तेव्हां त्याच्या माणसांनीं गॅसच्या झोतानें तें मधोमध उभें कापलें होतें, आणि निकेलचा भाग एकीकडे, टायटॅनिअमचा दुसरीकडे, असे ढीग लावण्याचें काम चाललें होतें. पुस्तकाप्रमाणें त्या ढिगांना आतां निरनिराळे आंकडे होते. आंतली रचना मात्र फार छान दिसत होती. पात्यांचें चाक अजून अर्धें शाबूत होतें. आम्हीं त्यांतलें एक पातें मागितलें. मालकानें तें तराजूंत टाकून वजनाचे पैसे घेतले. बोटाएवढें लांब, वाकलेल्या पानासारखें पातळ, आणि बुंध्याशीं माशाच्या कल्ल्यांसारख्या खांचा. ज्या आंचेंत लोखंड मेणासारखें मऊ पडेल, तींत हें मिनिटाला हजारों फेरे घेत असे.

तें कापडांत गुंडाळून आम्ही पोस्टांत गेलों. खिडकींतल्या बाईंनीं विचारलें, “आंत काय आहे?” छत्तीस वर्षांत आम्हीं कोणत्याही कागदावर मालाचें नांव खोटें लिहिलें नाहीं. “लोखंडाचा तुकडा,” आम्हीं सांगितलें, आणि पार्सलवर तसेंच लिहिलें. बरोबर एक पत्र घातलें. त्यांत ४९ व्या कलमाची सर्व हकीकत होती.

पंधरा दिवसांनीं पोस्टकार्ड आलें. पातें पोंचलें, मुलांनीं हातोहात फिरवून पाहिलें, एकानें बोट कापून घेतलें, असें त्यांत होतें. कलमाविषयीं एक ओळही नव्हती. पायावरचे चार बोल्ट अजून तसेच आहेत, मुलें त्यांना सायकली टेकवून ठेवतात, आणि आपण कधीं घाटावर आलांत तर कर्मशाळा अवश्य पाहून जावी, असें शेवटीं लिहिलें होतें. आम्ही अद्याप गेलों नाहीं.